तानाबाईची झडती

कोल्हापुरातून कळंब्याच्या पुढं निघालं की डाव्या हाताला माळावर एक लोखंडी गेट दिसतं. गेटच आहे, भिंत नाही. इकडं बाभळ, तिकडं बाभळ आणि मधे दोन लॉऱ्या शेजारी शेजारी जातील एवढं दांडगं गेट. ज्याला डोळे आहेत तो म्हणेल, बाजूनं जावं की. पण आतल्या गिरणमाळ वस्तीतला माणूस बाजूनं जात नाही. बाजूनं कोंबड्या जातात, कुत्री जातात आणि ज्यांना गिरणमाळ माहीत नाही असे परगावचे लोक जातात. अशा माणसाला चारी बाजूंनी आरोळी येते, "ओ पावणं! गेट हिकडं हाय की!" आणि तो बिचारा मागं फिरून मुकाट्यानं गेटातून येतो.

येणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. भानगड आहे ती जाणाऱ्याची. गेटाच्या एका अंगाला खुर्ची टाकून मौला बसतो, तो गड्यांची झडती घेतो. दुसऱ्या अंगाला पत्र्याची खोली आहे, तिला गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याआड तानाबाई बायकांची झडती घेते. बाई आत जाते, हात वर करते. तानाबाई तिच्या पाठीवरून, बगलेतून, कमरेवरून हात फिरवते आणि विचारते, "काय हाय?" बाई म्हणते, "काय न्हाय." तानाबाई म्हणते, "जा." मग बाई जाऊन कोल्हापूरची बस धरते.

झडती कशाची, तर सुताची. सूत कुठलं, तर गिरणीचं. आणि गिरणी कुठं आहे, असं विचारलं तर उत्तर द्यायला गिरणमाळात कोणाला सवड नाही. गिरणी बंद पडली तेव्हा जी पोरं पाळणाघरात होती, त्यांची पोरं आता शाळेला जातात. माळ पालथा घातला तरी हातभर सूत सापडायचं नाही. झडती मात्र एक दिवस चुकलेली नाही.

एके काळी गिरणमाळला नोकरी लागली की माणूस कोल्हापुरात पेढे वाटायचा. तीन पाळ्या चालायच्या, पगाराच्या दिवशी गेटासमोर बाजार भरायचा आणि मुलगा गिरणीत आहे म्हटलं की मुलीचा बाप दुसरं काही विचारत नसे. मग एका सोमवारी गिरणी बंद पडली. का बंद पडली याची इथं जितकी तोंडं तितकी कारणं आहेत, आणि त्यातलं एक सांगितलं तर बाकीची तोंडं भांडायला येतात. पुढं यंत्रं विकली गेली. लॉऱ्या भरभरून अख्खी यंत्रं गेटातून बाहेर पडली. त्याबद्दल मौला एक शब्द बोलला नाही. प्रत्येक ड्रायव्हरला खाली उतरवून त्याच्या खिशात सूत नाही एवढं मात्र त्यानं बघितलं.

यंत्रं गेल्यावर गाळे मोकळे पडले, आणि कळंब्यात भाड्यानं राहणारे कामगार हळूहळू आत राहायला आले. आधी एक बिऱ्हाड आलं, मग त्याचा मेव्हणा आला, मग कोणी कोणाला विचारेना. खोल्या पाडायला विटा पाहिजेत म्हणून आवाराची भिंत काढली. तिची एक वीटसुद्धा बाहेर गेली नाही, सगळी आत आली, त्यामुळं तानाबाईच्या लेखी ती चोरी नव्हे. आज जिथं कापूस पिंजायचा तिथं अंगणवाडी आहे आणि जिथं सूत भरून ठेवायचे तिथं पिठाची चक्की. गिरणमाळच्या माणसाला पत्ता विचारा, तो म्हणतो, "पॅकिंग खात्यात, चक्कीला लागून." टपाल बरोबर पोचतं.

तानाबाई मूळची मुरगूडकडची. नवरा गिरणीत होता. तो गेल्यावर गिरणीच्या साहेबांनी तिला गेटावर घेतलं, कारण झडतीच्या कामाला दुसरी कोणी बाई तयार होईना. आपल्याच आळीतल्या, आपल्याच नात्यातल्या बायकांच्या कमरेला हात घालायचा, म्हणजे आयुष्यभराचं वैर विकत घ्यायचं. तानाबाईनं ते घेतलं. अंगानं किडकिडीत, आवाज असा की तिनं पडद्याआड "काय हाय?" म्हटलं की बाहेर रांगेतली बाई दचकायची. "माझ्या गेटातनं एक धागा भाईर गेला न्हाय," असं ती सांगायची आणि ते खरं मानायची. गिरणी बंद झाली त्या दिवशी साहेबांनी मोटारीची काच खाली करून सांगितलं, "तानाबाई, गेटाकडं लक्ष ठेवा. मी आलोच." साहेब आले नाहीत. पण येणार नाही, असंही त्यांनी कळवलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, एक बाई खुळी असेल, पण अख्खं गाव कसं खुळं होईल? होतं. शिवाय ज्याला त्याला आपापलं कारण सापडलं. गिरणमाळच्या निम्म्या बायका आता कोल्हापुरात धुण्याभांड्याला जातात. तिथं निघताना मालकिणीची नजर पिशवीवर असते, तोंडानं बोलली नाही तरी कळतं. त्या बायका म्हणतात, सकाळी तानाबाईच्या हातातनं चोख निघालं की दिवसभर मान वर राहते. आणि लग्नात तर झडतीचा विधीच झाला. सासरी निघालेली मुलगी गेटापर्यंत खुशाल हसत येते. तानाबाईनं पाठीवरून हात फिरवून "काय हाय?" विचारलं की मग तिला रडू फुटतं. एकदा मुरगूडचं वऱ्हाड भडकलं. नवऱ्याचा मामा म्हणाला, "आमच्या सुनंला चोर समजता काय?" नवरीनंच शालू खोचून त्याला सुनावलं, "मामा, आधी झडती, मग सासर. घाई असंल तर तुमी व्हा फुडं."

आकाराम जॉबर, म्हणजे गिरणीतला जुना मुकादम, वारला तेव्हाची गोष्ट तर सगळ्या गिरणमाळला पाठ आहे. तिरडी गेटात आली आणि खांदेकरी आपोआप थांबले. मौला, जो गुडघ्यामुळं कोणासाठी उठत नाही, तो खुर्चीतून उठला. त्यानं आकारामच्या छातीवरच्या कापडाला हात लावला आणि विचारलं, "काय हाय, आकाराम?" मेलेला माणूस काय बोलणार? मग उत्तरही मौलानंच दिलं, "काय न्हाय." तोवर कोरड्या डोळ्यांनी चाललेली माणसं तिथं ढसाढसा रडली.

या सगळ्या रांगेत एकच बाई वेगळी होती. सरुबाई.

गिरणी चालू असताना एका दुपारी सरुबाईच्या कमरेला तानाबाईला सुताची गुंडी सापडली. नियम असा होता की माल सापडला की बाईला गेटाआतल्या बाकावर बसवायचं, आणि साहेब येऊन निकाल देईपर्यंत तिनं गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सरुबाई बसली. पाळी सुटली, सगळ्या बायका तिच्यासमोरून गेल्या. तिच्या मांडीवर पाळणाघरातून आणलेली तिची तान्ही पोर दीक्षा होती, ती रडून रडून काळीनिळी झाली. शेवटी तानाबाईनंच पोरीला उचललं, झबल्यासकट पदरात गुंडाळलं आणि गेटाबाहेर थांबलेल्या सरुबाईच्या सासूच्या हातात नेऊन दिलं. संध्याकाळी साहेब आले, दोन शब्द सुनावले आणि सोडून दिलं. पण व्हायची ती बेअब्रू झाली. त्या दिवसापासून सरुबाईनं तानाबाईला कधी जयभीम घातला नाही. दोघी एका बुद्धविहारात एका सतरंजीवर बसायच्या, पण बोलणं नाही.

झडतीला मात्र सरुबाई रोज यायची. काम असो नसो. हनुवटी वर, हात वर, आणि तानाबाईनं तोंड उघडायच्या आत, "काय न्हाय!" कुठं जायचं नसलं तर बसथांब्याच्या खांबाला हात लावून परत यायची. आपण चोर नाही हे दाखवायला एवढी वर्षं रोज खांब शिवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नसेल. तानाबाईही तिची झडती इतरांपेक्षा जरा जास्तच बारकाईनं घ्यायची. वैर असं चोख पाळलं की ते नात्यापेक्षा टिकतं.

राहिली तानाबाईची स्वतःची झडती. झडतीवालीची झडती कोण घेणार? साहेब म्हणायचे, "तुमच्यावर विश्वास आहे," आणि तेच तिला सलायचं. मौलाला विचारावं तर तो गडी माणूस. म्हणून बाजाराला निघाली की ती पडद्याआड स्वतःच हात वर करायची, मग ते खाली घेऊन स्वतःच्या कमरेवरून फिरवायची आणि मोठ्यानं विचारायची, "काय हाय?" मग जरा थांबून हळू आवाजात, "काय न्हाय." मग परत मोठ्यानं, "जा." बाहेर मौला कान देऊन असायचा. एखाद्या वेळी ती "जा" म्हणायला विसरली तर तो आठवण करून द्यायचा.

असं सुरळीत चाललेलं असताना कोणा वाटसरूनं फोनवर व्हिडिओ काढला. माळावर नुसतं गेट, बाजूनं कोंबडी चाललीय आणि गेटात बायका ओळीनं हात वर करून उभ्या. लोकांनी तो इतका फिरवला की पुण्यात मोटारीच्या कंपनीत असलेल्या अतुलपर्यंत पोचला. अतुल हा तानाबाईचा एकुलता एक मुलगा, बायको मनाली आणि पोरांना घेऊन तिकडंच राहणारा. त्यानं आईला फोन केला आणि बोलता बोलता रडायलाच लागला.

"आई, कंपनीतल्या पोरांनी मलाच दाखवला गं. म्हणाली, बघ कसली येडी बाई हाय. आन् मला म्हणवलं न्हाय, ती माझी आई हाय म्हणून."

तानाबाईला कोणी येडी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांची झडती घेतली असती. पण पोरगा रडला.

"चल माझ्याकडं," अतुल म्हणाला. "मनाली पण म्हणतीया. लिफ्ट हाय, बाग हाय. बास झालं आता ते."

"येते," तानाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. झडती घेताना हात भलतीकडंच जायचा. एका बाईला तिनं "काय हाय?" विचारायच्या ऐवजी "काय करू?" विचारलं. शेवटी ती पडद्याबाहेर येऊन मौलासमोर उभी राहिली.

"मौलाभाई, जावं वाटत न्हाय."

"मग नको जाऊस."

"न्हाय म्हणलं तर पोराला वाटंल, आईनं राग धरला. जल्मभर मनात ठेवंल त्यो."

"मग जा."

"आरं, पण जावं वाटत न्हाय म्हणती न्हवं मी!"

"मग नको जाऊस की."

"तुला इच्यारण्यापरास खांबाला इच्यारलेलं बरं," तानाबाई म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. तिला पाहिजे होतं ते एवढंच, की आपण नाही म्हणायचं नाही आणि जायचंही नाही. असलं काही जगात मिळत नाही हे तिलाही कळत होतं. बाहेर रांगेत पहिलाच नंबर सरुबाईचा होता. तिनं सगळं ऐकलं होतं. आत येऊन तिनं हात वर केले, "काय न्हाय!" म्हणाली आणि खांब शिवून आली.

अतुल मोटार घेऊन आला. मोटार त्यानं गेटाबाहेरच उभी केली, कारण आत आणली तर जाताना मौला डिकी उघडायला लावतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. अख्खं गिरणमाळ गेटात जमलं. कोणी चटणी दिली, कोणी पापड दिले. तानाबाईनं गोणपाटाचा पडदा धुऊन वाळवून परत टांगला होता. नवं लुगडं, हातात पिशवी. ती पडद्याआड जाऊन नेहमीसारखी स्वतःची झडती घेणार, तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि सरुबाई आत आली.

"थांब. पोस्ट सोडून चाललीस न्हवं?"

इतक्या वर्षांनी "काय न्हाय" सोडून दुसरे शब्द त्या तोंडातून आले. तानाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"व्हय," ती म्हणाली.

"मग आता तू झडतीवाली न्हाईस. जाणारी बाई हाईस. हात वर कर."

तानाबाईनं हात वर केले. आयुष्यात पहिल्यांदा. सरुबाईचा हात पाठीवरून खाली आला. तिच्या पाठीवरून असा हात कोणी फिरवून किती वर्षं झाली होती! बायका रोज बिनकामाच्याही रांगेत का उभ्या राहतात, हे तिला त्या क्षणी कळलं. मग तो हात कमरेशी आला, आणि तिथं काहीतरी खोचलं गेलं. तानाबाईचं निम्मं आयुष्य कमरा चाचपण्यात गेलेलं. तिला बघावं लागलं नाही. दुसऱ्याच क्षणी सरुबाईनं तेच उपसून काढलं, पडदा सर्रकन ओढला आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सापडलं! माल सापडला!"

तिच्या हातात सुताची गुंडी होती. जुनी, पिवळी पडलेली, पण गिरणीचीच.

माणसं पुढं सरसावली. चटणीवाल्या बाईनं चटणीचा डबा परत घेतला. तानाबाईनं गुंडीकडं बघितलं, मग सरुबाईकडं. एक शब्द बोलली असती तर सरुबाईचं पितळ उघडं पडलं असतं. तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? माझ्या गेटातनं धागा गेला न्हाय, एवढीच तिची दौलत. सरुबाई तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. ओठ घट्ट आवळलेले, पण डोळे म्हणत होते, हो म्हण की गं भवाने.

"व्हय," तानाबाई म्हणाली. "मीच घितली."

मौला उठला. आकारामनंतर पहिल्यांदाच. "नियम म्हंजे नियम," तो म्हणाला. "बसा बाकावर, तानाबाई. सायेब येऊन निकाल देस्तवर भाईर जाता यायचं न्हाय."

तानाबाई गेली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.

"आई!" अतुल ओरडला. "आगं, गिरणी बंद हाय!"

"माल सापडलाय न्हवं?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"पण सायेब कुठनं येणार? सायेब कवाच वारला असंल!"

"शुभ बोल रं," चटणीवाली म्हणाली. "वारल्याचा निरोप आलाय काय तुला?"

अतुलनं गेटाच्या बाजूला बघितलं. बाभळीखालून चांगली मोटार जाईल एवढी वाट मोकळी होती. आईचा हात धरायचा, दहा पावलं चालायचं, संपलं. तो दोन पावलं गेलासुद्धा. समोरून एक कोंबडी आली, दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि अतुल थांबला. शिकला, पुण्याला गेला, तरी शाळेला जाताना रोज याच गेटात हात वर करून दप्तर दाखवलेला तो पोरगा होता. मग त्यानं आईच्या तोंडाकडं नीट बघितलं. चोरी सापडलेल्या बाईचं तोंड असं उजळलेलं कधी असतं काय? फोनवर "येते" म्हणाल्यापासून जो आवाज त्याला खटकत होता, त्याचा उलगडा त्याला आत्ता झाला. त्याला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

तो बाकाजवळ आला, खाली बसला. "मग मी येत जातो," तो म्हणाला. "सायेब आलं काय बघायला."

"ये. मनालीला आन. नातवंडास्नी आन," तानाबाई म्हणाली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. "आन् त्या तुझ्या कंपनीतल्या पोरास्नी सांग, व्हय, ती माझी आई हाय म्हणून."

"सांगतो."

अतुल गेटापाशी गेला आणि न सांगता हात वर करून उभा राहिला. मौलानं त्याच्या पाठीवरून, खिशांवरून हात फिरवला.

"काय हाय?"

आईला न्यायला आलेल्या अतुलनं एकदा मागं बघितलं.

"काय न्हाय, चाचा."

"जा."

मोटार गेली. तेवढ्यात कोल्हापूरच्या बसची वेळ झाली आणि कामाला जाणाऱ्या बायकांत कालवा उठला, आता आमची झडती कोण घेणार? चोरानं झडती घ्यावी असा नियम नव्हता, पण घेऊ नये असाही नव्हता. तानाबाईनं बाक तेवढा पडद्याआड ओढून घ्यायला लावला आणि बसल्या बसल्या एकेकीच्या कमरेवरून हात फिरवला. बस चुकली नाही.

गर्दी पांगल्यावर पडदा हलला. सरुबाई होती.

"जयभीम, ताने."

"जयभीम," तानाबाई म्हणाली. सरुबाई बाकासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं गुंडी तानाबाईच्या हातात ठेवली. मग तानाबाईनं गुंडी हातात फिरवत विचारलं, "सरू, ही आणलीस कुठनं? गिरणीचा धागा ऱ्हायलाय कुठं आता?"

"त्याच दिवसाची हाय. तुला सापडली ती एक. मी दोन घितल्या हुत्या. दीक्षाला दुपटं शिवायचं हुतं."

"खोटं बोलतीस. मी तुला डोक्यापास्नं पायापतुर तपासलीती."

"मला तपासलीस. पोरीला कुठं तपासलीस? दुसरी तिच्या झबल्यात हुती." सरुबाईनं पदर तोंडाला लावला, हसतेय की रडतेय कळेना. "तूच उचललीस तिला. तूच पदरात गुंडाळून गेटाभाईर नेलीस आन् माझ्या सासूच्या हातात दिलीस. तुझी झडती कोण घेणार? पुन्यांदा दुपटं शिवायचा धीर झाला न्हाय मला. तशीच ट्रंकेत पडून हुती."

तानाबाईचं तोंड उघडंच राहिलं. पोराच्या मायेपोटी आपण आयुष्यातलं पहिलं खोटं बोललो, असं ती मघापासून मनाशी म्हणत होती. आता बघावं तर तेही खोटं नव्हतं. गिरणमाळच्या गेटातून एकच गुंडी चोरीला गेली, आणि ती तिनंच नेली होती.

तिनं गुंडी कमरेला खोचली, बाकावर जरा सरकली आणि सरुबाईला म्हणाली, "मग उभी का? तू पण बस की."